सवतीच्या काळजाच्या रेघा

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा गावात नव्हती, आणि असती तरी मला कोणी पाठवलं नसतं. एवढ्या शिक्षणावर मी दवाखान्यात आया म्हणून लागले आणि पुढे काळजाचा कागद काढायच्या मशीनवर काम केलं. कागद वाचायचे डॉक्टर, पट्टे बांधायची मी. त्या कामात एकदा माझ्यासमोर माझी सवत येऊन पडली. तेव्हा काय झालं ते लिहिते आहे, कारण सासरच्या गावात अजून काही जण ते चुकीचं सांगतात.

माझं सासर खांडबाऱ्याकडे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल झालं नाही. दोष कोणाचा ते कोणी तपासलं नाही, तेव्हा तपासत नसत. नवऱ्याने दुसरी केली. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान होती. ती दारात उभी राहिली. मी तिच्याशी बोलले नाही. सासूने मला ओट्यावर बसवलं आणि पायातले चांदीचे तोडे काढायला सांगितले. त्या घरची रीत अशी की तोडे सासू सुनेच्या पायात घालते आणि नवरा आहे तोवर ते निघत नाहीत. निघाले तर घरात कोणीतरी जाणार असं धरतात. माझे मात्र निघाले. डाव्या तोड्याचा खिळा वाकडा होता. तो आधी अर्धा फेरा उलटा फिरवावा लागे, मगच सुटे. दोघा-तिघांनी ओढून पाहिलं, जमलं नाही. शेवटी मीच काढून दिले. सासूने ते तिथेच, माझ्यासमोर, नवीच्या पायात घातले.

मी भावाकडे गेले. भावजय वाईट नव्हती, पण माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढताना तिचा हात थांबायचा. दोन महिन्यांनी मी काम शोधायला निघाले.

नवापूरच्या अलीकडे, रुळाजवळ, तेव्हा एक लहान दवाखाना होता. आता तो नाही. त्या जागेवर कोंबड्यांची शेड आहे. एक डॉक्टर, एक मोठी सिस्टर, दोन नर्सा, एक कंपाउंडर आणि वीस-बावीस खाटा. मला भांडी आणि फरशी धुवायला ठेवलं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मला बोलताही येतं. घरची अहिराणी माझीच होती. डोंगरातल्या लोकांची मावची बोली बाजारात ऐकून थोडी येत होती, ती वार्डात पक्की झाली. डोंगरातून झोळीत घालून आणलेल्या माणसाचं दुखणं मी डॉक्टरांना शाळेच्या मराठीत सांगायची आणि डॉक्टरांचं मराठी त्या माणसाला समजेल असं सांगायची. डॉक्टर परमुलखातले होते, त्यांचं मराठी पुस्तकी होतं. "आपणास वेदना कोठे होतात" असं ते विचारायचे आणि रोगी माझ्याकडे पाहायचा.

मशीन आलं ते साठ साल उलटून गेल्यावर. हार्मोनियमच्या पेटीएवढं होतं. त्यातून कागदाची पट्टी सरकत यायची आणि एक गरम काडी तिच्यावर काळी रेघ काढायची. डॉक्टरांनी मला समोर बसवून शिकवलं. काळीज प्रत्येक ठोक्याला थोडी वीज सोडतं. ती वीज वरच्या कप्प्यात निघते, खालच्या कप्प्यात उतरते आणि अंगभर पसरते. अगदी मनगटावर, घोट्यावरसुद्धा तिचा अंश पोचतो. तो पट्ट्यांनी धरायचा. लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. आधी कातडी ओल्या कापसाने लाल होईस्तोवर घासायची, कारण आमच्याकडच्या माणसांच्या अंगावर तेल आणि शेताची धूळ असते आणि वीज तिथेच अडते. मग मलम, मग पत्र्याची चकती, वर रबरी पट्टा. अंगावरचं चांदी-पितळ काढून ठेवायचं. रेघ सुरू व्हायच्या आधी डॉक्टर एक बटण दाबायचे. त्याने कागदावर एक चौकोनी पायरी उमटायची, मोजून दहा बारीक घरं उंच. पायरी दहा घरांची आली म्हणजे मशीन खरं बोलतंय.

हे काम मला आवडलं. भांडी धुण्यापेक्षा बरं होतं, आणि त्यात चूक झाली तर ती लगेच दिसायची.

साठचं दशक सरत आलं तेव्हा पेपरात बातमी आली की दूरच्या देशात एका माणसाच्या छातीत दुसऱ्या, नुकत्याच मेलेल्या माणसाचं काळीज शिवून बसवलं. आमच्याकडे पेपर दोन दिवसांनी यायचा, पण ती बातमी आठवडाभर पुरली. कंपाउंडर म्हणाला, आता बायका येऊन सांगतील, नवरा तोच राहू द्या, काळीज तेवढं बदलून द्या. पुढच्या थंडीपर्यंत तशी बरीच काळजं बसवून झाली होती, आणि बरीच माणसं मेलीही होती. डॉक्टरांकडे मुंबईहून डॉक्टरी मासिक यायचं. एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आम्हा सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं आणि ती माणसं का मरतात ते सांगितलं. त्यांना शिकवायची हौस होती. आयाला हे समजेल का, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्याबद्दल मी त्यांना मानते.

ते म्हणाले, शिवण चांगली असते, काळीजही चांगलं असतं, पण अंगाला ते परकं वाटतं. अंगात काटा गेला की भोवती पू धरतो ना, तसंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नव्या काळजावर धावून जातात. त्याच्या भिंती सुजतात, त्यात पाणी भरतं. आणि मजा अशी की रोग्याला काही कळत नाही. नव्या काळजाच्या नसा तोडलेल्या असतात, त्यामुळे ते दुखत नाही. माणूस उठून बसतो, जेवतो, हसतो. पण कागदाला कळतं. डॉक्टरांनी खडूने फळ्यावर उंच-उंच टोकं काढली, ज्वारीच्या ताटांसारखी. खाली दुसरी ओळ, थोडी बुटकी. खाली तिसरी, आणखी बुटकी. सुजलेल्या काळजाच्या विजेचा जोर असा रोज उतरतो. ते आवरलं नाही तर वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचत नाही, मधले ठोके गळतात, वरचा कप्पा नुसताच फडफडत राहतो. म्हणून तिकडचे डॉक्टर रोज कागद काढतात आणि टोकांची उंची मोजतात. उंची उतरली की औषध वाढवायचं. औषध लागू पडलं तर टोकं पुन्हा वर येतात.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरले नाही. जुनं काळीज काढताना त्याचा मागचा थोडा भाग छातीत तसाच ठेवतात, नवं शिवायला काठ हवा म्हणून. तो तुकडा जिवंत असतो. तो आपल्या जुन्या चालीने वीज सोडत राहतो. कागदावर त्याची बारीक रेघ वेगळी दिसते. नवं काळीज आपल्या चालीने चालतं, त्या बारीक रेघेचं कोणी ऐकत नाही. मी विचारलं, ती रेघ किती दिवस राहते? ते म्हणाले, माणूस आहे तोवर. मी चहाचे कप उचलले आणि धुवायला गेले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, खांडबाऱ्याच्या बाजारच्या दिवशी दुपारी, एक बैलगाडी दवाखान्यात आली. गाडीवानाला मी ओळखलं नाही, पण त्याच्या मागे उतरलेल्या माणसाला ओळखलं. माझा नवरा. कानाजवळचे केस पिकले होते. गाडीत ती बसली होती, गोधडीला टेकून, कारण तिला आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की दम लागायचा. महिनाभर संध्याकाळी ताप यायचा, पाय सुजले होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तिला दोन मुली होत्या, धाकटी चार वर्षांची. त्या घरी आजीपाशी होत्या.

मी खोटं लिहिणार नाही. तिला पाहिलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे की भोग आता. मग मी स्ट्रेचर आणायला गेले, कारण ते माझं काम होतं.

डॉक्टरांनी तपासलं. सांध्यांच्या तापाने काळजाच्या झडपा बिघडतात, तसं काही असेल असं त्यांना आधी वाटलं. लघवी होण्याचं औषध दिलं आणि रोज सकाळी कागद काढायला सांगितलं. मी मशीन ढकलत तिच्या खाटेपाशी नेलं. तिने मला ओळखून हात पदराखाली ओढून घेतले. "माले हात नको लावू," असं म्हणाली. मी म्हणाले, "मन्हा हात लागाघाई कोन्ही मरत नही. गप पड."

तिच्या पायात तेच तोडे होते. सुजेने ते घोट्यात रुतले होते, कडेची कातडी काळी पडली होती. ते काढल्याशिवाय पट्टा बसत नव्हता. नवरा मध्ये आला. आईने बजावलं आहे, तोडे काढायचे नाहीत, अशा दिवसांत तर नाहीच, असं तो म्हणाला. सिस्टरने त्याला बाहेर काढलं. मी साबणाचा फेस करून घोट्याला लावला, डावा खिळा अर्धा फेरा उलटा फिरवला आणि ओढला. तो लगेच सुटला. ती माझ्या हाताकडे पाहत होती. ते कसं जमलं ते तिने विचारलं नाही. मी तोडे फडक्यात बांधून औषधांच्या कपाटात ठेवले.

पहिल्या दिवशीचा कागद ठीक आला. टोकं फार उंच नव्हती, पण होती.

आमच्याकडे बाजारातून जोडा किंवा बांगडी आणायची असली की घरी काडीने माप घ्यायचं, काडी तेवढीच मोडायची आणि ती बाजारात न्यायची. मला सेंटिमीटर-मिलिमीटर कळत नव्हते असं नाही, पण काडी हाताला पटते. फळ्यावरच्या त्या धड्यानंतर मला सवय लागली होती. रोज कागद काढायचा असलेल्या रोग्याची पहिल्या दिवसाची टोकं मी खराट्याच्या काडीने मापायची आणि काडी तेवढी मोडून त्या रोग्याच्या कागदाला दोऱ्याने बांधून ठेवायची. तिचीही ठेवली.

दुसऱ्या दिवशी टोक काडीला तिळाएवढं कमी पडलं. मी पट्टे सोडले, कातडी पुन्हा घासली, पुन्हा बांधले. तेवढंच आलं. तिसऱ्या दिवशी टोक काडीच्या अर्ध्याजवळ राहिलं. सुरुवातीची पायरी दहा घरांची होती, म्हणजे मशीनचा दोष नव्हता. तिचा दम वाढला होता. ती आता रात्रंदिवस बसूनच होती, पुढे वाकून, उशीवर कपाळ टेकून. पाण्याचा पेला धरायचीही ताकद नव्हती. पहिले दोन दिवस ती माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. तिसऱ्या दिवशी घेतलं.

मोठ्या सिस्टरला माझं नातं एव्हाना कळलं होतं. नवऱ्यानेच व्हरांड्यात कोणाला तरी सांगितलं असावं. सिस्टर कामाची कडक होती. तिने तिसऱ्या दिवशीचा कागद हातात घेतला, पायरी पाहिली, मशीन पाहिलं आणि सगळ्या वार्डासमोर मला विचारलं, "आयाबाई, सवत आहे म्हणून पट्टे सैल बांधता काय?"

वार्डात पंधरा माणसं होती. ज्यांना मराठी समजत नव्हतं त्यांनाही सवत हा शब्द समजला. नवरा दारात उभा होता. तो आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू काही करं तर नही ना?" त्याला करणी म्हणायचं होतं. एका खाटेवरची म्हातारी आपली चादर सारखी करत माझ्यापासून लांब सरकली.

मला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली, आणि माझ्यासाठी नाही. माझ्या पट्ट्यांवर खापर फुटलं तर कागदाकडे कोणी पाहणार नव्हतं. उद्या दुसरी नर्स बांधेल, परवा पाहू, असं झालं असतं. तोवर टोकं काडीच्या मुळाशी आली असती. फळ्यावरची तिसरी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी सिस्टरला म्हणाले, याच पट्ट्यांनी, याच मलमाने, याच हातांनी आत्ता दुसऱ्या माणसाचा कागद काढून दाखवते. कोणाचा, असं तिने विचारलं. मी नवऱ्याकडे वळले. "आडा पड. आते तुन्हा काळीजना कागद काढतस."

तो नको म्हणाला. सिस्टर म्हणाली, पडा. तो शेजारच्या रिकाम्या खाटेवर पडला, सदरा काढून, डोळे मिटून, जसं काही मी त्याला कापणारच होते. लग्नानंतर एवढा गरीब मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी त्याचे हातपाय घासले, पट्टे बांधले, सिस्टरने स्वतः बटण दाबलं. पायरी दहा घरांची आली आणि मागून टोकं आली, दोन काड्या होतील एवढी उंच, एकसारखी, बोरीच्या काट्यांसारखी. त्याचं काळीज ठणठणीत होतं. ते मला आधीच माहीत होतं. सहा वर्षांत मी ते कधी हललेलं पाहिलं नव्हतं.

खाटेवरून ती हे सगळं पाहत होती. तिला हसू आलं आणि हसण्याने खोकला आला.

तेवढ्यात डॉक्टर आले. सिस्टरने त्यांना दोन्ही कागद दिले आणि काय झालं ते जसं झालं तसं सांगितलं, आपण काय बोललो तेसुद्धा. ते मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. मी त्यांच्यासमोर तिचे तिन्ही दिवसांचे कागद एकाखाली एक मांडले आणि काडी वर ठेवली. म्हणाले, "साहेब, तुम्ही फळ्यावर काढलं होतं तसं होतंय. हिचं काळीज हिचंच आहे. मग अंग त्याला परकं का समजतंय?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग बोटाने मला दाखवलं. तिसऱ्या दिवशीच्या कागदावर एक टोक जरा उंच होतं, पुढचं बुटकं, पुन्हा उंच, पुन्हा बुटकं, शेवटपर्यंत. पट्टा सैल असता तर रेघ थरथरली असती, अशी एकाआड एक उंच-बुटकी चालली नसती, असं ते सिस्टरला म्हणाले. मला ती उंच-बुटकी चाल दिसली होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता.

त्यांनी तिच्या छातीला नळी लावली. ठोके दुरून, भिंतीपलीकडून यावेत तसे येत होते. मनगटाची नाडी श्वास आत घेताना जवळजवळ नाहीशी व्हायची. मग त्यांनी मला समजावलं. बसवलेल्या काळजात सूज आणि पाणी भिंतीच्या आत असतं, म्हणून विजेचा जोर उतरतो. हिच्या काळजाचं तसं नाही. काळजाभोवती एक पातळ पिशवी असते, त्या पिशवीत पाणी भरलंय. क्षयाचं असणार. काळीज चांगलं आहे, पण पाण्यात बुडालंय. तिथून वीज बाहेर पोचत नाही, म्हणून टोकं बुटकी. ते पाण्यात झोके घेतं, एका ठोक्याला जवळ येतं, एका ठोक्याला लांब जातं, म्हणून एक उंच आणि एक बुटकं. पाणी वाढत गेलं तर काळजाला उघडायला जागाच राहणार नाही. पाणी आजच काढावं लागेल.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सुरतेला नेतो. डॉक्टर म्हणाले, गाडीत ती टिकणार नाही. त्याने अंगठा दिला.

पाणी काढायची रीत अशी. छातीच्या हाडाखालून एक लांब सुई वर सरकवायची. सुई पिशवीत गेली की पाणी येतं. पण थोडी पुढे गेली तर काळजालाच टोचते. मशीनला छातीवर लावायची एक पाचवी तार असते, ते कळावं म्हणून ती चिमट्याने सुईला जोडतात. सुई काळजाला टेकली की रेघ उसळते. डॉक्टरांची नजर सुईवर राहणार, सिस्टर तिला धरून बसणार, एक नर्स बाहेर बाळंतिणीपाशी, दुसरी सुट्टीवर. रेघ पाहायला मीच उरले. डॉक्टर म्हणाले, ठोक्यामागची सपाट जागा वर उचलली की बोला, कागद संपेपर्यंत थांबू नका.

तिला अर्धवट बसवलं. कातडी बधिर केली. सुई पाहून तिने सिस्टरचा हात सोडला आणि माझा पदर धरला. "बाई, तू आठेच ऱ्हाय."

मी म्हणाले, मी कुठे जाते. पण पदर सोड, मला कागद पाहायचाय. तिने सोडला नाही. मी तसाच पाहिला.

कागद सरकत होता. उंच, बुटकं, उंच, बुटकं. डॉक्टर सुई रुपयाच्या जाडीएवढी पुढे घ्यायचे आणि थांबायचे. पाणी येत नव्हतं. आणखी पुढे. दुपारची वेळ होती, पंखा नव्हता. त्यात माझ्या मनात आलं, ते लिहिते. वार्डातल्या सगळ्यांना जे वाटलं होतं ते आता खरंच माझ्या हातात होतं. मी थोडंसं उशिरा बोलले असते तर कोणाला कळलंही नसतं. विचार आला आणि गेला, कागदाची दोन घरं सरकायला लागतात तेवढ्या वेळात. तेवढ्यात ठोक्यामागची सपाट रेघ एकदम टेकडीसारखी उचलली.

"थांबा," मी म्हणाले. "मागे घ्या."

त्यांनी सुई केसभर मागे घेतली. रेघ खाली बसली. मग त्यांनी पिचकारीचा दट्ट्या ओढला आणि बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. पिचकारी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मी मोजत नव्हते, मी कागदावरून डोळे काढले नाहीत. पण भांडं जवळजवळ भरलं हे नंतर धुताना दिसलं. चौथ्या-पाचव्या पिचकारीनंतर तिने मोठा श्वास घेतला, असा की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली की तिला आडवं व्हायचंय. आठवड्याभरात ती पहिल्यांदा आडवी झाली आणि लगेच झोपली. माझा पदर तिच्या मुठीतच राहिला. तो सोडवायला मला वेळ लागला.

संध्याकाळी मी पट्टे बांधून कागद काढला. टोकं एकसारखी होती, उंच-बुटकी चाल गेली होती. काडी ठेवली. काडीला पुरून वर थोडी उरली. सिस्टर शेजारी उभी होती. तिने माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाली की उद्या वार्डातल्या दुसऱ्या दोन रोग्यांचे कागदही मीच काढावेत आणि त्यांच्याही काड्या ठेवाव्यात.

क्षयाची सुई आणि गोळ्या सुरू झाल्या. पाणी आणखी एकदा काढावं लागलं, पण थोडं. ती तीन आठवडे राहिली. त्या दिवसांत आम्ही फार बोललो असं नाही. ती एकदा म्हणाली की सासू मुलींना माझं नाव घेऊन भीती घालते, झोपा नाही तर मोठी येईल. मी म्हणाले, घालू दे, झोपत असतील तर. आणखी एकदा तिने सांगितलं की त्या घरात आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि त्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द बोलावा म्हणून ती संध्याकाळपर्यंत वाट पाहत होती. चौदा वर्षांची पोर होती, तिला कोणी विचारून आणलं नव्हतं, आणि मला ते तेव्हाही दिसत होतं.

घरी जायच्या दिवशी मी कपाटातून फडकं काढलं. सूज उतरून तिचे पाय काठ्यांसारखे झाले होते. तिने तोडे हातात घेतले, वजन केल्यासारखे धरले आणि माझ्यापुढे केले. "ह्या तुन्हाच शेतस. ठेवी ले."

मी नको म्हणाले. तोडे घालून वार्डात चाललं की आवाज होतो, झोपलेले रोगी जागे होतात. शिवाय ती तोड्यांशिवाय घरी गेली असती तर सासूने तिला दारातच उभं केलं असतं. मी खाली बसून तिच्या पायात घातले आणि डावा खिळा कसा फिरवायचा ते तिला दाखवलं, पुन्हा कधी सूज आली तर कोणाला ओढाताण करायला लागू नये म्हणून. नवरा गाडीपाशी उभा होता. तो आमच्याकडे पाहत नव्हता.

गावात गोष्ट अशी पसरली की सवतीने आधी करणी केली आणि मग दवाखान्यात उघडी पडेल म्हणून उतरवली. सासूने ती गोष्ट स्वतः मरेपर्यंत सांगितली. म्हणून हे लिहिलं.

ती वर्षभर दर महिन्याला येत राहिली. गाडीने नाही, पुढे पुढे रेल्वेने, एकटी. येताना धाकटीला आणायची. मी कागद काढायची, ती विचारायची, "कशी शे रेघ?" मी काडी ठेवून दाखवायची. अंगाने काळीज नाकारलं तर काय होतं ते मी तिला एकदा सांगितलं होतं, जुन्या तुकड्याच्या बारीक रेघेसकट. तिने विचारलं, मग त्या दोन रेघा एकमेकींना अडवत नाहीत? मी म्हणाले, नाही, डॉक्टर म्हणतात नाही अडवत.

वर्ष संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता औषध बंद, कागदाचीही गरज नाही. मी मशीन बाजूला ढकललं. ती खाटेवर बसूनच होती. तिने दोन्ही हात पुढे केले, मनगटं वर करून, नेहमीसारखे. मी कापूस ओला केला आणि पट्टे घेतले.